वास्तू नांदती कशी राहते?

वऱ्हाडात सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळ्यासारखी जी जुनी गावे आहेत, तेथील वृद्ध माणसास मातीच्या घराचा एक नियम पुस्तकावाचून ठाऊक असतो. धाब्याच्या घरावर दरवर्षी मृगापूर्वी नवी माती पसरून ती चोपून घेतली, भिंतींवरून हात फिरवला, पन्हळीत अडकलेला पाला काढला, म्हणजे ते घर दोन-तीन पिढ्या सुखाने उभे राहते. त्याच घरास कुलूप लावून मुलगा शहरी निघून गेला, की पहिल्या पावसाळ्यात धाबे गळू लागते, पुढच्या पावसाळ्यात तुळई कुजू लागते, आणि काही वर्षांत घराच्या जागी मातीचा उंचवटा तेवढा उरतो. घर जुने झाले म्हणून पडले, असे लोक म्हणतात. वस्तुतः ते रिकामे झाले म्हणून पडलेले असते.

मातीच्या घराचा हा नियम दगडी वास्तूसही लागू आहे. मात्र तेथे तो सावकाश अंमलात येतो, आणि म्हणूनच सहसा ध्यानात येत नाही. महाराष्ट्रात व गोव्यात चारशे-साडेचारशे वर्षांची परंपरा सांगणारी चर्चे आहेत. त्यांपैकी काहींत आजही रविवारी पाय ठेवावयास जागा नसते. काहींत हजार माणसे बसतील एवढ्या मंडपात मोजकी माणसे उपासनेस जमतात. आणि काहींचे छप्पर केव्हाच कोसळून त्यांच्या भिंतींवर पिंपळ वाढले आहेत. अशा वास्तूंचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न आज जगात सर्वत्र विचारला जात आहे. तो केवळ ख्रिस्ती समाजाचा आहे असे नाही. ज्या गावात जुने देवालय, जुनी मशीद, जुना वाडा किंवा जुनी धर्मशाळा आहे, त्या प्रत्येक गावाचा तो प्रश्न आहे. तथापि चर्चांच्या इतिहासात त्याचे उत्तर शोधणे विशेष सोयीचे पडते, कारण एकाच काळी, एकाच पद्धतीने बांधलेल्या वास्तूंचे दोन अगदी निराळे शेवट तेथे शेजारी-शेजारी पाहावयास मिळतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे वसई. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यानंतरची दोनशे वर्षे हे नगर पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी होते. किल्ल्याच्या तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेजुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांनी आपापली चर्चे व मठ उभारले; सेंट जोसेफच्या नावाचे एक प्रमुख ख्रिस्तमंदिरही तेथे होते. पुढे १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज अधिकारी, सरदार व धर्मगुरू आपली चीजवस्तू घेऊन निघून गेले, आणि तटाच्या आतील नगर ओस पडू लागले. आज तेथे जाणारा प्रवासी सेंट जोसेफच्या मनोऱ्यातील चक्री जिना पाहतो, जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवरची अक्षरे लावू पाहतो, जेजुइटांच्या चर्चच्या दर्शनी भागाचे कोरीव खांब न्याहाळतो. पण मान वर करावी तर बहुतेक ठिकाणी छपराऐवजी आकाश दिसते.

आता त्याच प्रवाशाने किल्ल्याच्या बाहेर पडून पापडी, रमेदी, निर्मळ, आगाशी या बाजूला जावे. केळीच्या व नारळीच्या बागांतून वाट काढीत गेले, की पांढऱ्या शुभ्र दर्शनी भिंतींची चर्चे एकामागून एक लागतात. त्यांचीही परंपरा सोळाव्या शतकापर्यंत मागे जाते. त्यांच्यावरही तोच पाऊस पडला, तोच खारा वारा वाहिला. १७३९ च्या धामधुमीची झळ त्यांपैकी काहींस चांगलीच लागली. तरीही ती उभी आहेत. याचे कारण त्यांचा दगड अधिक चांगला होता किंवा गवंडी अधिक कुशल होते, असे नव्हे. किल्ल्यातील चर्चांचे भक्त जहाजात बसून निघून गेले. गावांतील चर्चांचे भक्त येथलेच शेतकरी, बागायतदार, कोळी होते, ते कोठे जाणार? त्यांची मुले त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेत होती, त्यांची लग्ने तेथेच लागत होती, त्यांचे वाडवडील त्याच आवारात पुरलेले होते. छप्पर गळू लागले, की गळतीखाली बसणारा माणूसच ते शाकारतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. गावांतील ही चर्चे जशीच्या तशी टिकली नाहीत. ती मोडली, पुन्हा बांधली गेली, वाढवली गेली, त्यांचे मंडप रुंद झाले, त्यांस नव्या खिडक्या आल्या. काटेकोर पुराणवस्तुसंशोधक कदाचित म्हणेल की, खरी सोळाव्या शतकातील वास्तू तटाच्या आतच आहे, बाहेरची नव्हे. त्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. आतल्या दगडाचे वय कायम राहिले, परंतु जीवन गेले. बाहेरच्या वास्तूचे रूप पालटले, परंतु जीवन राहिले. जुन्या वास्तूच्या रक्षणाचा सारा वाद या दोन टोकांच्या मध्ये कोठे उभे राहावयाचे, याचाच आहे.

वसईच्या घंटांची कथा याच अर्थाची आहे. वसईच्या विजयानंतर तेथील चर्चांच्या घंटा मराठे सरदारांनी विजयचिन्ह म्हणून आणल्या व देवालयांस अर्पण केल्या. भीमाशंकराच्या देवळात अशी एक मोठी घंटा आहे. नाशिकला गोदातीरी असलेल्या नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१ हे साल आजही वाचता येते. ज्या मनोऱ्यांत या घंटा टांगलेल्या होत्या, ते मनोरे ढासळले. घंटा मात्र राहिल्या. त्या युद्धाची खूण आहेत हे विसरण्याचे कारण नाही. परंतु त्या आज शाबूत आहेत, त्या कोणा ना कोणा समाजाच्या उपासनेत त्यांस जागा मिळाली म्हणून, हेही तितकेच खरे आहे.

रिकामी वास्तू पडते कशी, याची रीत फार साधी आहे. पहिला शत्रू पाणी. कौल सरकते, ते कोणी बसवीत नाही. त्या बोटभर फटीतून पाणी वाशावर पडते. ओल्या लाकडास वाळवी लागते. वासा खचला की दहा कौले एकदम घसरतात. भिंतीच्या माथ्यावरचे छप्पर गेले, म्हणजे पाणी भिंतीच्या पोटात उतरते व दगडांमधला चुना धुऊन नेते. दुसरा शत्रू झाड. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी भेगेत पडते. नांदत्या घरात ते रोप हाताने उपटले जाते. ओसाड वास्तूत त्याचे मूळ पहारीसारखे काम करते, आणि वीस वर्षांनी दोन हात रुंदीची भिंत उकलून ठेवते. तिसरा शत्रू माणूस. ओसाड वास्तूतील घडीव दगड, लाकूड व लोखंड ही कोणाचीच मालमत्ता नव्हे, असे आसपासच्या लोकांस वाटू लागते. या तिन्ही शत्रूंचा बंदोबस्त करण्यास फार मोठा खजिना लागतो असे नाही. लागतो तो नित्य तेथे वावरणारा, वर पाहणारा आणि वेळेवर शिडी लावणारा माणूस.

चौथाही एक शत्रू आहे, व तो मित्राच्या वेशात येतो. अज्ञानाने केलेली दुरुस्ती, हा तो शत्रू होय. जुन्या गोव्यातील बोम जेझूस हे चर्च सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीमुळे जगप्रसिद्ध आहे. त्याच्या भिंती जांभ्या दगडाच्या. हा दगड खाणीतून निघताना मऊ असतो व सच्छिद्र असतो. म्हणून कोकणातील व गोव्यातील जुने कारागीर त्यावर चुन्याचा गिलावा देत आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर सफेदी करीत. बोम जेझूसच्या भिंतींवरही असा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार कास्त्रो यांनी, उघडा दगड अधिक प्राचीन व भारदस्त दिसतो या समजुतीने, बाहेरचा गिलावा काढून टाकला. आज पर्यटकांच्या डोळ्यांत जो तांबूस दगडी दर्शनी भाग भरतो, तो मूळचा नव्हे. प्रत्येक पावसाळ्यात तो उघडा जांभा थोडाथोडा झिजत आहे, आणि गिलावा पुन्हा द्यावा की न द्यावा यावर अद्याप वाद चालू आहे. याच्या उलट चूक सिमेंटची. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर पडू देतो. सिमेंटचा पक्का थर ती आतच कोंडतो. मग ओलीबरोबर आलेले क्षार दगडाच्या पोटात साचतात, आणि बाहेरून टणक दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होत जाते. वास्तूवर प्रेम असणे पुरेसे नाही. तिची प्रकृती कळली पाहिजे.

जुन्या गोव्याचेच आणखी एक चित्र पाहण्यासारखे आहे. साथीच्या रोगांनी व व्यापार घटल्यामुळे ते नगर सतराव्या शतकापासूनच रिते होत चालले होते. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने तेथील संन्यासी पंथांचे मठ बंद केले. त्या एका हुकुमाने कित्येक प्रचंड वास्तू एकदम निराधार झाल्या. ऑगस्टिनियन पंथाचे चर्च त्यांपैकी एक. सतराव्या शतकाच्या आरंभी पुरे झालेल्या या चर्चचा मनोरा सुमारे ४६ मीटर उंच होता. मठ बंद झाल्यानंतर दहा वर्षेही लोटली नाहीत, तोच १८४२ साली त्याची मुख्य कमान कोसळली. १९३१ साली दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज तेथे मनोऱ्याची एक उभी चिरफळी तेवढी आहे. त्याची मोठी घंटा मात्र १८७१ साली पणजीच्या चर्चच्या दर्शनी भागावर चढवण्यात आली, आणि ती तेथे अजून आहे.

आता त्याच नगरातील दुसऱ्या दोन वास्तू पाहा. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चला लागून असलेल्या मठाची इमारतही अशीच निराधार झाली होती. तेथे १९६४ साली पुराणवस्तुसंग्रहालय आले. गोव्याच्या पोर्तुगीज राज्यपालांची चित्रे, वीरगळ, शिलालेख आणि कदंबकालीन मूर्ती आज त्या एका छपराखाली नांदतात. दुसरी वास्तू सांता मोनिकाच्या मठाची. सतराव्या शतकात बांधलेला हा जोगिणींचा विस्तीर्ण मठ. सरकारने नव्या जोगिणी घेण्यास बंदी केल्यावर ज्या आत होत्या त्या तेथेच म्हाताऱ्या झाल्या, व शेवटची जोगीण १८८५ साली वारली. नंतर ही वास्तू काही काळ लष्कराच्या उपयोगास लागली. १९६४ साली तेथे धर्मभगिनींच्या शिक्षणाची संस्था सुरू झाली, आणि राशोलच्या सेमिनरीत १९९४ साली स्थापन झालेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय २००२ साली याच आवारात आणण्यात आले. हस्तिदंताच्या व लाकडाच्या ज्या मूर्ती येथल्याच हिंदू व ख्रिस्ती कारागिरांच्या हातांनी घडल्या, त्या तेथे पाहावयास मिळतात. ऑगस्टिनियन चर्च आणि सांता मोनिका एकाच टेकडीवर, हाकेच्या अंतरावर आहेत. एकास पुढचा रहिवासी मिळाला नाही, दुसरीस मिळाला. दोहोंच्या दशेत जो फरक आहे तो एवढ्यामुळेच.

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की, प्रत्येक जुन्या चर्चचे संग्रहालय करणे हाच उपाय होय. जेथे उपासक आहेत तेथे उपासना हाच वास्तूचा पहिला व श्रेष्ठ उपयोग. परंतु उपासनेचीही रीत काळानुसार बदलते, आणि वास्तूस तिच्याबरोबर बदलावे लागते. १९६२ ते १९६५ या काळात रोम येथे भरलेल्या धर्मपरिषदेने कॅथलिक उपासनेत मोठा पालट केला. तोवर धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, म्हणजे लोकांकडे पाठ करून, लॅटिन भाषेत विधी करी. पुढे विधी लोकभाषेत होऊ लागला, व धर्मगुरू लोकांसमोर तोंड करून उभा राहू लागला. ऐकण्यास ही लहान गोष्ट वाटते. पण त्यासाठी भिंतीस लागून असलेल्या जुन्या सोनेरी वेदीच्या पुढे नवी वेदी मांडावी लागली, आणि पूर्वी कानावर नुसता नाद पडला तरी चालत असे तेथे आता शब्द कळणे अगत्याचे झाले. काही ठिकाणी उत्साहाच्या भरात जुन्या कोरीव वेद्या काढून टाकण्यात आल्या. शहाणपण तेथे दिसले, जेथे जुनी वेदी मागे तशीच ठेवून पुढे साधी नवी वेदी मांडली गेली. पहिली रीत अपरिवर्तनीय; दुसरी केव्हाही मागे घेता येते.

वसईत या पालटाचे फळ विशेष गोड आले. तेथील चर्चांतून मराठी प्रार्थना व मराठी गीते दुमदुमू लागली. शतकानुशतके घरी सामवेदी, वाडवळी अशा आपल्या बोलीत बोलणाऱ्या समाजास आपल्याच उपासनामंदिरात आपली भाषा लाभली. चर्चच्या आवारातील शाळा, सभागृह व मैदान ही गावाच्या सार्वजनिक जीवनाची केंद्रे झाली. या वातावरणातून आलेले धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ हे मासिक दीर्घकाळ चालवले, बायबलचे सुबोध मराठीत भाषांतर केले, वसईच्या हिरवाईसाठी लोकांस उभे केले. आणि २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. ज्या आवारात माणसे अशी जमतात, त्या आवारातल्या छपराची चौकशी करण्यास निराळी समिती नेमावी लागत नाही. ओसाड किल्ल्यातही दरवर्षी फेब्रुवारीत गोन्सालो गार्सिया या वसईत जन्मलेल्या संताचा सण होतो, आणि त्या दिवशी तेथील पडक्या भिंतींस पुन्हा माणसांचा आवाज ऐकू येतो.

मुंबईत या प्रश्नाची दोन विरुद्ध रूपे दिसतात. कुलाब्याचे अफगाण चर्च हे पहिले. १८३८ ते १८४२ या काळातील पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेले हे मंदिर १८५८ साली उपासनेस खुले झाले. त्याचा निमुळता मनोरा सुमारे १९८ फूट उंच, व पूर्वी तो बंदरात शिरणाऱ्या गलबतांस खूण म्हणून उपयोगी पडे. आतील बाकांना सैनिकांच्या बंदुका टेकविण्यासाठी खाचा ठेवलेल्या आहेत. ज्या छावणीसाठी ते बांधले, ती गोरी छावणी १९४७ नंतर उरली नाही. एवढ्या विशाल वास्तूचा भार लहानशा मंडळीच्या खांद्यावर आला. येथे अडचण वास्तू मोठी व माणसे थोडी अशी आहे. अशा वास्तूस संगीत, व्याख्याने, इतिहासाचे अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सहली, असे उपासनेशी विसंगत नसलेले उपयोग जोडून घेतल्याखेरीज तिच्या रंगीत काचांची व उंच छपराची निगा राखणे दुर्घट आहे.

दादरचे पोर्तुगीज चर्च हे दुसरे रूप. १५९६ पासूनची परंपरा असलेल्या या चर्चच्या भोवती दाट वस्ती वाढली, आणि जुनी इमारत भक्तांस पुरेना. येथे माणसे फार व वास्तू लहान. १९७० नंतरच्या दशकात तेथे चार्ल्स कोरिया यांनी सर्वस्वी नवीन मंदिर उभारले. एकच एक बंदिस्त मंडप न करता त्यांनी कवचांसारखी उंच छपरे आणि त्यांच्या मधून मोकळी अंगणे योजली. म्हणजे वारा खेळता राहील, व मोठ्या सणाला गर्दी अंगणात सामावेल. स्थळ, नाव आणि समाज तेच राहिले. वास्तू मात्र नवी आली. हा मार्ग सर्वत्र योग्य ठरणार नाही, कारण जुने पाडल्यावर ते परत मिळत नाही. परंतु समाजाची गरज खरी असेल तर नवे तरी तोलाचे असावे, एवढा धडा त्यापासून घेण्यासारखा आहे.

या दोहोंच्या मधला मार्ग किल्ला भागातील सेंट थॉमस कॅथीड्रलने दाखविला आहे. मुंबईचे गव्हर्नर जेरल्ड आंजियर यांच्या काळी १६७६ साली त्याचा पाया घातला गेला. पुढे काम चाळीस वर्षे रखडले, आणि १७१८ च्या नाताळात ते खुले झाले. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट जाई, तो चर्चगेट. रोज लाखो प्रवासी हे नाव उच्चारतात, पण त्यातले चर्च कोणते हे फार थोड्यांस ठाऊक असते. १८३७ साली त्यास कॅथीड्रलचा मान मिळाला, त्याच सुमारास मनोरा आला, पुढे वेदीकडचा भाग वाढला. प्रत्येक शतकाने त्यात थोडी भर घातली, मूळ मात्र मोडले नाही. त्याच्या काळजीपूर्वक केलेल्या दुरुस्तीस २००४ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसासंवर्धन पुरस्कार लाभला.

परदेशांत हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे, कारण युरोपात उपासकच कमी झाले. इंग्लंडमध्ये उपयोगात नसलेल्या चर्चांच्या रक्षणासाठी १९६९ साली स्वतंत्र निधी निर्माण करावा लागला. हॉलंडमधील मास्ट्रिख्ट येथे तेराव्या शतकातील डॉमिनिकन चर्च दोनशे वर्षे उपासनेवाचून होते. ते गुदाम झाले, सायकली ठेवण्याची जागा झाले. २००६ साली तेथे पुस्तकांचे दुकान आले. पुस्तकांचे पोलादी मजले त्यात असे उभे केले आहेत की ते जुन्या भिंतींवर भार टाकत नाहीत. उद्या काढून नेले तर चर्च जसेच्या तसे मोकळे होईल. लंडनमधील ब्रिक लेनवरच्या एका इमारतीचे चरित्र याहून विलक्षण आहे. १७४३ साली ती फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट विणकरांची उपासनास्थळी म्हणून बांधली गेली. पुढे ती मेथॉडिस्टांकडे आली, १८९८ साली यहुद्यांचे सिनगॉग झाली, आणि १९७६ पासून बंगाली मुसलमानांची मशीद आहे. त्या पेठेत जो जो निर्वासित समाज येऊन राहिला, त्या त्या समाजाने त्या भिंतींस आपले मानले.

या सर्व उदाहरणांतून काही नियम आपोआप हाती येतात. १९६४ साली व्हेनिस येथे वास्तुतज्ज्ञांनी जी सनद तयार केली, तिचा आशय असा की, समाजोपयोगी कार्यास लावल्याने स्मारकाचे रक्षण सुलभ होते. मात्र त्या उपयोगासाठी त्याची मूळ मांडणी व अलंकरण बिघडवू नये. व्यवहारात याचा अर्थ असा. जे नवे घालावयाचे, ते पुढे काढता यावे. स्वच्छतागृह, कोठी, स्वयंपाकघर ही शक्यतो मुख्य वास्तूच्या बाहेर, आवाराच्या कडेस असावीत. वृद्धांसाठी उतार करावयाचा तर पायऱ्या न फोडता त्यांच्या शेजारी करावा. विजेच्या तारा कोरीव कामावरून नेऊ नयेत. उंच मंडपात लाकडी माळा घालून दोन मजले करण्याचा मोह आवरावा, कारण अशा वास्तूची खरी संपत्ती तिच्या पोकळीतच असते. आणि कोणत्याही नव्या कामाआधी छप्पर, पन्हळी व पाण्याचा निचरा पाहावा. ज्या चर्चच्या पन्हळी मे महिन्यात साफ होतात, त्यास पुढे पुष्कळशा खर्चातून सुटका मिळते.

कायद्याचेही यात स्थान आहे. भारतात १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याने संरक्षित केलेल्या उपासनास्थळाचा त्याच्या स्वरूपाशी विसंगत असा उपयोग करता येत नाही. मुंबईत १९९५ साली वारसावास्तूंचे नियम लागू झाले, आणि वास्तूंची श्रेणी ठरवून कोणत्या श्रेणीत किती फेरफार करता येईल, हे त्यांत सांगितले गेले. अशा नियमांमुळे जुन्या इमारतीची घिसाडघाईने होणारी मोडतोड थांबते. परंतु कायदा पाडणाऱ्याचा हात धरू शकतो. कौल बसविण्यास तो शिडीवर चढत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी उरतो, तो हा की वास्तूचा नवा उपयोग ठरवावयाचा कोणी? तज्ज्ञास दगड कळतो, सरकारला नियम कळतो, धनिकास किंमत कळते. परंतु ज्या फरशीखाली एखाद्या कुटुंबाचे पूर्वज झोपलेले आहेत, त्या फरशीवर खुर्च्या-टेबले मांडून उपाहारगृह थाटण्यास ते कुटुंब का राजी नसते, हे त्या कुटुंबासच कळते. त्यांस न विचारता केलेले अनुकूलन कितीही सुबक असो, समाजाच्या दृष्टीने ती वास्तू गेलेलीच असते. उलट त्यांच्या संमतीने त्याच मंडपात वाचनालय निघाले, रविवारी दुपारी शेजारच्या सर्व धर्मांच्या मुलांचा गाण्याचा वर्ग भरला, पुराच्या दिवसांत गावाला आसरा मिळाला, तर त्या कार्यामुळे उपासनेचे पावित्र्य उणे होत नाही. उद्या छपरासाठी वर्गणी मागावयाची वेळ आली, म्हणजे देणारे हात मात्र चौपट होतात.

वसईच्या तटाच्या आत व बाहेर एका दिवसात फिरून आलेल्या माणसास एवढे सहज पटावे. आतल्या वास्तूंस अभ्यासकांचा मान आहे, छायाचित्रकारांचे प्रेम आहे, सरकारी पाटीचे संरक्षणही आहे. आणि त्या सर्वांची त्यांस गरजही आहे. बाहेरच्या चर्चमध्ये त्याच दिवशी सायंकाळी कोणी आजी दार लोटून आत येते, बाकावरची धूळ पदराने पुसते, वर पाहते, आणि परत जाताना कौल सरकल्याचे धर्मगुरूस सांगून जाते. दुसऱ्या दिवशी शिडी लागते.